मृग निघायच्या आधी: घोड्याच्या पावसाळी खाजेचा बंदोबस्त

हस्ताचा पाऊस उघडला होता. सकाळी पागेत गेलो तर मधल्या लाकडी खांबावर, माझ्या छातीच्या उंचीला, आयाळीचे केस चिकटलेले दिसले. मुळासकट नव्हे, मधेच तुटलेले. त्यांच्यात रक्ताचे दोन-तीन सुकलेले ठिपके. घोडी शांतपणे कडबा खात होती, पण शेपटीचं मूळ पाहिलं तर तिथली कातडी उघडी पडलेली आणि बाकीचे केस खराट्यासारखे ताठ उभे. शेजारच्यांनी वरूनच निदान केलं, ‘खरूज झालीया. जळकं ऑईल लाव, आठ दिवसांत जातंय.’

ऑईल मी लावलं नाही, पण खरजेचं औषध मात्र तीन आठवडे लावत बसलो. त्याच पागेत आणखी दोन घोडी बांधलेली होती. त्यांना काहीच झालं नाही. खरूज असती तर तिन्हींना लागली असती, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं. कार्तिकात थंडी पडली, खाज आपोआप थांबली आणि मी औषधाला गुण आला असं धरून चाललो. पुढच्या मृगात तोच खांब, तेच केस. तेव्हा पशुवैद्यांनी सांगितलं की ही खरूज नाही, ही चिलटांच्या चावण्याची ॲलर्जी आहे.

इंग्रजीत याला ‘स्वीट इच’ म्हणतात. त्या ‘स्वीट’चा गूळ, मळी किंवा उसाच्या वाढ्यांशी काही संबंध नाही. आपल्याकडे ‘पावसाळी खाज’ म्हटलं की घोडेवाल्याला लगेच कळतं, म्हणून पुढं मी तेच नाव वापरतो.

चिलटं आणि घोड्याची कातडी

दोषी आहेत क्युलिकॉइडिस जातीची चिलटं. लांबी एक ते तीन मिलिमीटर, पंखांवर करडे ठिपके. रक्त पिते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला ते लागतं. चावताना तिची लाळ कातडीत जाते. बहुतेक घोड्यांना त्याचं काही वाटत नाही. काहींचं शरीर मात्र त्या लाळेतल्या प्रथिनांना शत्रू मानतं आणि मग वीस-पंचवीस चावेसुद्धा रात्रभर खाजायला पुरतात. म्हणूनच एका ठाणावर चार घोडी असली तरी एकीचीच आयाळ जाते.

मेंढपाळांना ही चिलटं दुसऱ्या कारणानं माहीत आहेत. माण, खटाव, फलटणकडच्या कळपांत पावसाच्या शेवटी ‘निळी जीभ’ येते, ब्लू टंग. तो विषाणू मेंढीपर्यंत नेतात तीही याच जातीची चिलटं. तेव्हा आसपासच्या कळपांत निळ्या जिभेची बातमी ऐकू आली, तर चिलटं भरात आहेत असं समजा आणि आपल्या घोड्याची आयाळ त्याच दिवशी बघा.

ॲलर्जी जन्मतः दिसत नाही. घोडं साधारण दोन ते पाच वर्षांचं असताना सुरू होते आणि बंदोबस्त केला नाही तर वर्षागणिक वाढते. ती काही प्रमाणात रक्तातून, म्हणजे आई-बापाकडून, येते. घोडं कुठं वाढलं याचाही वाटा असतो. आइसलंडमध्ये ही चिलटं पूर्वापार नव्हती. तिथं वाढून मोठी झालेली घोडी युरोपात नेली की त्यांच्यात ही खाज फार दिसते, आणि त्याच जातीची युरोपातच जन्मलेली शिंगरं मात्र बऱ्यापैकी बचावतात. कोरड्या मुलखात वाढलेलं घोडं विकत घेऊन कृष्णाकाठी आणणार असाल, तर पहिले दोन पावसाळे त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा.

हे नक्की तेच आहे का

आधी जागा बघा. पावसाळी खाज आयाळीच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यावर, शेपटीच्या मुळाशी, कानांच्या कडांना आणि पोटाच्या मधल्या रेषेवर येते. केस तुटतात, खपल्या धरतात, आणि जुन्या दुखण्यात तिथली कातडी जाड होऊन तिला चुण्या पडतात. दोन्हीकडून खाजणारं, ऋतूसोबत येणारं आणि जाणारं दुखणं असेल तर संशय पक्का धरा.

फक्त शेपटीच घासत असेल तर शेपूट उचलून गुदद्वाराभोवती पाहा. पिवळट-करडा चिकट थर दिसला तर ती सुतासारख्या कृमींची अंडी असू शकतात. सकाळी आंघोळ घालायच्या आधी तिथं पारदर्शक चिकटपट्टी दाबून डॉक्टरांकडे न्या, सूक्ष्मदर्शकाखाली लगेच समजतं. उवा असतील तर आयाळ फाकवून उन्हात पाहिल्यावर हलताना दिसतात, आणि त्या थंडीत जास्त असतात. गोल चट्टे पडून केस गेले पण खाज फारशी नाही, तर गजकर्ण. पायांवर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात पिवळे खडे असलेली न भरणारी जखम म्हणजे बहुधा बरसाती. तिचं औषध वेगळं.

एक गोष्ट मात्र घरी ठरवायची नाही. कातडीवर एका ओळीत गाठी, त्या फुटून चिघळणाऱ्या जखमा, नाकातून घट्ट स्राव, ताप: असं काही दिसलं तर घोडं वेगळं बांधा, हातमोजे घाला आणि सरकारी दवाखान्यात कळवा. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो, आणि २००९ च्या कायद्यानुसार तो कळवणं बंधनकारक आहे.

चिलटं स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असतील तर पांढऱ्या ताटलीला एरंडेल लावून पागेच्या दिव्याखाली दिवेलागणीला ठेवा. तासाभरानं चिकटलेलं भिंगातून पाहा. मी त्याच रात्री घोडीच्या पोटाखाली बॅटरी मारून पाहिली. बेंबीजवळच्या विरळ केसांत राखेचे कण सांडल्यासारखे ठिपके होते. बोट फिरवलं तर बोटाला रक्त लागलं. तोपर्यंत मी फक्त डासांचा विचार करत होतो.

सुरुवात रोहिणीत करा

बहुतेकांची चूक इथंच होते: खाज दिसली की धावपळ सुरू. एकदा कातडी पेटली की नंतरचा प्रत्येक चावा जास्त खाजवतो आणि औषधाचा खर्चही वाढतो. वळिवाचा पहिला मोठा पाऊस झाला की पंधरा दिवसांत नवी पिढी उडायला लागू शकते. उबदार हवेत अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला दोन ते चार आठवडे पुरतात. म्हणून जाळी, पंखा, झूल, औषधांची यादी हे सगळं रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात, तयार पाहिजे.

सर्वांत वाईट काळ माझ्या अनुभवात उत्तरा ते स्वाती. धो धो पावसात चिलटं कमी उडतात. पाऊस थांबून-थांबून पडतो, ऊन येतं, वारा पडतो, तेव्हा ती उठतात. माण-खटावकडे थंडीत ती जवळजवळ नाहीशी होतात. कृष्णा-वारणेच्या काठी, उसाला वर्षभर पाणी असतं तिथं, डिसेंबरातही एखादी उबदार संध्याकाळ दगा देते.

दिवस मावळतानाचे दोन तास

मला या सगळ्यातली एकच गोष्ट सांगायची मुभा असती, तर मी हीच सांगितली असती. चिलटं मुख्यतः दिवस मावळताना आणि उजाडताना चावतात. त्या दोन वेळा घोडं मोकळ्यावर, नदीकाठी किंवा पाटाजवळ असता कामा नये.

आपली पद्धत नेमकी उलटी असते. उन्हं उतरली की घोडं नदीवर न्यायचं, अंघोळ घालायची, काठच्या गवतावर तासभर सोडायचं, अंधार पडल्यावर आणायचं. हरिपूरच्या संगमाकडे किंवा माहुलीला संध्याकाळी उभं राहून बघा, डोक्याभोवती चिलटांचे ढग असतात. तीच जागा, तीच वेळ. मी अंघोळ सकाळी नऊनंतर नेली आणि चराईही. दिवस मावळायच्या दीड तास आधी घोडी आत, आणि सकाळी ऊन अंगाला लागेपर्यंत आत. आषाढात दिवस सातनंतर मावळतो, कार्तिकात सहाच्या आसपास, म्हणून मोतद्दाराला घड्याळाची वेळ सांगू नका, सावली दाखवून सांगा. ढगाळ, दमट, वारा पडलेल्या दिवशी ती दुपारीसुद्धा चावतात. त्या दिवशी बाहेर सोडायचं तर झूल घालून.

शर्यतीची किंवा टांग्याची घोडी पहाटे पळवतात. तिथं वेळ बदलणं अवघड असतं हे मला कळतं. पण पळणाऱ्या घोड्याला चिलट बसत नाही. पळून आल्यावर घामेजलेलं उभं राहतं तेव्हा बसतं. रपेट संपली की बाहेर फिरवत निववा आणि थेट पंख्यासमोर आणा.

पंखा आणि जाळी

चिलटं फार दुबळी उडणारी. ताशी दहा किलोमीटरच्या वर वारा असला की ती बसून राहतात. उघड्या माळावर म्हणूनच त्रास कमी होतो, आणि पाचगणीच्या टेबललँडसारख्या वाऱ्याच्या जागी उभं राहणाऱ्या घोड्याला जो आराम असतो, तो खाली झाडांच्या आडोशाला बांधलं की संपतो.

तो वारा पागेत आणायचा. दोन मोठे पंखे, एक छाती-मानेच्या दिशेनं, दुसरा मागून पुठ्ठ्यांकडे. दुसरा जरा खाली ठेवा, कारण पोटाच्या रेषेवर वारा लागला नाही तर चिलटं तिथंच जमतात. छताचा पंखा पुरत नाही. वायर पाइपातून, घोड्याच्या तोंडापासून आणि पायापासून लांब, आणि पागेच्या लाइनला गळती झाली की वीज तोडणारं स्विच हवंच. दमट पागेत ओल्या जमिनीवर उभ्या घोड्याला थोडी गळतीही जीवघेणी ठरते. दिवेलागणीलाच वीज जात असेल तर एका पंख्यापुरता इन्व्हर्टर घ्या.

जाळी घेताना डासांची नेहमीची जाळी घेऊ नका. तिच्या छिद्रांतून चिलट सहज आत येतं आणि मग बाहेर जात नाही. टोमॅटो-मिरचीच्या रोपवाटिकेत लावतात ती चाळीस मेशची इन्सेक्ट नेट घ्या. आपल्याकडच्या शेती साहित्याच्या दुकानांत ती मिळते. दार, खिडकी, कौलांखालची फट, सगळीकडे. इतक्या बारीक जाळीनं हवा अडते, म्हणून पंख्याशिवाय जाळी लावू नका. दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर पंखा. पागेतला पांढरा दिवा काढून अंगणाच्या लांबच्या कोपऱ्यात लावा, आत गरजेपुरताच उजेड.

कडुलिंबाचा धूर करण्याची आपली जुनी रीत आहे. चिलटं थोडी हटतात हे खरं. पण बंद पागेत धूर कोंडला की घोड्याच्या फुप्फुसांना त्रास होतो, आणि दम्याचं घोडं तर रात्रभर खोकतं. करायचाच तर बाहेर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, थोडा वेळ.

ओल कुठं आहे

चिलटांची अळी साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढत नाही, ती शेणलीद मिसळलेल्या चिखलात वाढते. हौदाच्या तोटीखालचा कायमचा ओला पट्टा, म्हशीच्या गोठ्याची मोरी, बायोगॅसची स्लरी जिथं सोडता ती जागा, उसाच्या सरीचं पाणी बाहेर पडतं तो कोपरा. लीद दिवसातून दोनदा उचला. उकिरडा पागेपासून जितका लांब नेता येईल तितका न्या आणि वर कोरडं पाचट किंवा जुनी ताडपत्री टाका. तोटीखाली मुरूम आणि खडी भरून पाणी पाइपानं काढून द्या. शेजारच्या शेतातली चिलटं येतच राहतील, कारण ती काहीशे मीटर सहज येतात, पण संख्या घटते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर सांगलीत गोठ्यांत साचलेला गाळ ज्यांनी लवकर काढला त्यांनी या एका बाबतीतही स्वतःचं भलं केलं.

झूल शिवून घ्या

परदेशात या खाजेसाठी मानेपासून शेपटीपर्यंतची खास झूल मिळते. मी आपल्या शिंप्याकडून शिवून घेतली. कापड दाट विणीचं, हलकं सुती पॉपलिन, फिक्या रंगाचं. मलमल नको, त्यातून सोंड जाते. तीन भाग लागतात: कानांमागून खांद्यापर्यंत मानेचा, अंगाचा, आणि पोटाखालून जाणारा रुंद पट्टा. शेपटीच्या मुळावर झाकण येईल असा तुकडा मागे जोडा. खांद्याला चुण्या ठेवल्या तर पाऊल टाकताना ओढत नाही. पहिल्या झुलीला मी चुण्या ठेवल्या नव्हत्या आणि चार दिवसांत खांद्यावर घासून जखम झाली.

दोन संच हवेत, कारण भिजलेली झूल अंगावर ठेवायची नाही. रोज काढून खरारा करा, आतून हात घालून घाम बघा. ऑक्टोबरच्या दुपारच्या उन्हात झूल नको, त्या वेळी तशीही चिलटं कमी असतात.

अंगाला काय लावायचं आणि काय अजिबात नाही

आयाळ आणि शेपटीच्या मुळाशी तेलाचा थर असला की चिलटाला बसता येत नाही. लिक्विड पॅराफिन किंवा खोबरेल, त्यात थोडं कडुलिंबाचं तेल. कडुलिंबाचं तेल काही घोड्यांना चरचरतं, म्हणून आधी हातभर जागेवर लावून एक दिवस थांबा. तेल दिवस मावळायच्या आधी, रोज. लावून भर उन्हात बांधू नका.

बेंझिल बेंझोएटचं २५ टक्क्यांचं लोशन खरजेसाठी मेडिकलमध्ये मिळतं. या खाजेतही ते चिलटं दूर ठेवायला वापरतात. पण फुटलेल्या कातडीवर नाही आणि खोगिराच्या जागेवर तर नाहीच. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिनसारखी औषधं उपयोगी पडतात, ती जनावरांसाठी बनवलेलीच घ्या आणि पातळ किती करायचं ते डॉक्टरांना विचारा. द्राक्षबागेचा किंवा कापसाचा डबा उघडू नका. बागेत वापरलेला फवारणी पंप धुऊनसुद्धा घोड्याला वापरू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन लावलेल्या घोड्यापासून तिला लांब ठेवा, तिला ते विष आहे.

आता सर्वांत महत्त्वाचं. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी घराघरात असतं ते अमिट्राझ घोड्याला लावू नका. घोड्याची आतडी त्यानं मंदावतात, मळ अडतो आणि पोटशूळ होऊन घोडं दगावू शकतं. गोठ्यातली बाटली उचलण्याआधी लेबलवरचं बारीक अक्षर वाचा.

जळकं ऑईल, रॉकेल, बॅटरीचं पाणी यांपैकी काहीही नको. जळक्या ऑईलमध्ये धातूंचे अंश असतात, कातडी भाजते आणि घोडं मान वळवून तेच चाटतं.

कातडी फुटलीच तर

थंड पाण्याची धार दहा मिनिटं. यानं मिळणारा आराम फुकट आहे आणि लगेच मिळतो. मग क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवा आणि पूर्ण कोरडं करा. खपल्या नखांनी ओढू नका, भिजल्यावर सुटतील तेवढ्याच काढा. वर झिंक ऑक्साइड किंवा डॉक्टर देतील ते मलम. माशी बसू दिली की दोन दिवसांत किडे पडतात, म्हणून जखमेच्या कडेनं माशी हटवणारा स्प्रे रोज मारा. धनुर्वाताची लस झाली आहे का हे आजच तपासा, घोडं धनुर्वाताला फार लवकर बळी पडतं.

खांबाला, दाराला खिळे-पत्रे राहिले असतील तर काढा. खाजणारं घोडं काहीही घासायला वापरतं.

डॉक्टर कधी

डोळ्यांभोवती सूज, पू, खाणं सोडणं, किंवा पंखा-झूल असूनही आठवडाभरात खाज न हटणं. स्टेरॉइडचं इंजेक्शन खाज एका रात्रीत थांबवतं, त्यामुळे ते मागून घेण्याचा मोह होतो. पण त्यानं काही घोड्यांत लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली अतिशय दुखरी सूज येते, आणि घोडं कायमचं लंगडं होऊ शकतं. गाभण घोडी असेल तर ते आधी सांगा. ॲलर्जीच्या गोळ्या काही घोड्यांना लागू पडतात, काहींना अजिबात नाही. आयव्हरमेक्टिन या खाजेवरचं औषध नाही, पण चिलटांमार्फत येणारा एक सूक्ष्म कृमी पोटाच्या रेषेवर अशीच खाज आणतो, त्यावर ते चालतं. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, अवघड केस तिकडे नेता येते. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. डॉक्टरांना दाखवायला दर आठवड्याला आयाळीचा आणि शेपटीचा फोटो त्याच जागेवरून काढून ठेवा. सुधारलं की बिघडलं हे नुसत्या आठवणीवरून सांगता येत नाही.

चंदीविषयी, म्हणजे घोड्याच्या दाण्याविषयी, थोडंसंच. ‘हरभऱ्यानं उष्णता झाली’ असं म्हणून लोक चंदी तोडतात. हरभरा बंद केल्यानं चिलट चावायचं थांबत नाही, घोडं मात्र खंगतं. ताजा भरडलेला जवस रोज थोडा दिल्यानं कातडीची प्रतिक्रिया कमी झाल्याचं काही छोट्या प्रयोगांत दिसलं आहे. मूठभरापासून सुरू करून हळूहळू वाढवा. मी देतो, पण पंख्याच्या जागी नाही.

घोडं घेताना आणि वीण धरताना

नंदुरबारकडच्या सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा दत्तजयंतीला भरते, म्हणजे ऐन थंडीत. त्या वेळी पावसाळी खाजेचं घोडं बरं दिसतं. दात, चाल, नाल बघून झालं की आयाळ हातानं फाकवून मुळापाशी बघा. कातडी एका रेषेत जाड, चुणीदार लागते का? आयाळीच्या मधल्या पट्ट्यातले केस बाकीच्यांपेक्षा आखूड आणि एकाच उंचीचे आहेत का? शेपटीचं मूळ दोन बोटांत धरून दाबा, तिथं कातडी रबरासारखी कडक लागली तर विक्रेत्याला भाद्रपदातले फोटो मागा. मोबाइलमध्ये असतातच. मिळाले नाहीत तर किमतीत दोन पंखे, जाळी आणि दोन झुलींचा खर्च धरून बोला.

खाज असलेल्या घोडीला वीण धरायची की नाही हा कठीण निर्णय आहे, विशेषतः घोडी चालीची असेल तेव्हा. माझी घोडी चांगली आहे. तिचा खांब आता मी तरटानं गुंडाळला आहे आणि गेल्या हस्तात त्यावर केस नव्हते. तरी तिला मी फळवलं नाही, आणि ज्यांनी तिचं शिंगरू मागितलं त्यांना कारण सांगितलं.